सायकलवर पंढरपूर, दिवस पहिला: शेपटाला मी

गोल्फ क्लब मैदानापाशी पहाटे साडेचारला आम्ही सतरा जण जमलो, तेव्हा माझ्या डोक्यात साधा हिशेब होता. नाशिक ते नगर 155 किलोमीटर, जूनची ढगाळ हवा, पश्चिमेचा वारा. दमानं चालवली तरी दुपारी तीनला नगर. गेली चार वर्षं दर रविवारी त्र्यंबक रोडला सायकल मारतोय, त्यामुळे आपण पहिल्या चारात असणार हे मी धरूनच चाललो होतो. चेन धुऊन तेलपाणी केलं होतं, नवे टायर घातले होते. फार कशाला, दाढीसुद्धा केली होती.

अण्णांनी माझ्या हातात लाल दोरीची शिट्टी ठेवली. "आज तू शेपूट."

शेपूट म्हणजे सगळ्यांच्या मागे चालवणारा. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. कोणी थांबला की शेपटानं थांबायचं, पंक्चर झालं की पंप काढायचा, आणि पुढच्यांना नुसतं फोनवर "येतोय, येतोय" म्हणत राहायचं. मी म्हटलं, अण्णा, माझा वेग जरा जास्त आहे. अण्णा म्हणाले, "म्हणूनच."

सतरा जणांमध्ये सगळ्यात लहान अण्णांचा भाचा, वय एकोणीस, दोन बोटं जाडीच्या टायरवाली रेसर सायकल. सगळ्यात मोठे पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले काका, वय सदुसष्ट. एक मुख्याध्यापिका ताई, पुढच्या वर्षी रिटायर होणार. दोघे साडू, जे सायकलपेक्षा एकमेकांशी वाद घालायला जास्त आलेले. बाकी आमच्यासारखेच, अंबड-सातपूरला नोकऱ्या करणारे. सामानाला मागून एक छोटा हत्ती.

ताईंच्या हँडलच्या पिशवीत एक पितळी गडू होता. आदल्या संध्याकाळी गंगेवर जाऊन त्यांनी रामकुंडातून तो भरून आणला होता. (नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो. बाहेरचे पाहुणे यावरून गोंधळतात, गोंधळू द्यावेत.) हे पाणी तिसऱ्या दिवशी चंद्रभागेत सोडायचं. गडूचं झाकण मेणानं बंद केलेलं, वर जुना पायमोजा घातलेला.

नाशिक ते सिन्नर

द्वारका, नाशिकरोड, बिटको चौक; इथवर अंधारच होता. तांबडे दिवे ओळीनं लुकलुकत चाललेले मागून पाहणं हा शेपटाचा पहिला फायदा. पुढे असतो तर मला फक्त डांबर दिसलं असतं. एक सांगून ठेवतो: मागचा दिवा नुसता असून चालत नाही, तो सीटखालच्या पिशवीआड झाकलेला नाही ना हे दुसऱ्याला बघायला सांगायचं. आमच्यातल्या तिघांचे झाकलेले होते. मला मागून दिसलं म्हणून कळलं, नाहीतर ट्रकवाल्यालाच कळलं असतं.

चेहेडीला दारणेच्या पुलावर उजाडलं. पाणी संथ, कडेला पाणकणसं, एक माणूस ट्रकची ट्यूब फुगवून त्यावर बसून जाळं टाकत होता. काका पुलावर थांबले. काका प्रत्येक पुलावर थांबतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"हे पाणी कुठं जातं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं खरंच विचारताहेत. म्हटलं, गोदावरीला.

"कुठं मिळतं?"

मी गप्प. "दारणासांगवीला. मग पुढे नांदूरमधमेश्वर," असं म्हणून काकांनी पॅडल मारलं. परीक्षा सुरू झाली होती.

शिंदे-पळसे मागे पडलं आणि मोहदरीचा घाट लागला. घाट म्हणावा एवढा मोठा नाही, पण पहिल्या दिवशी पाय अजून झोपेत असतात. भाचा उभ्यानं पॅडल मारत सगळ्यांना मागे टाकून दिसेनासा झाला. ताईंनी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि पाय असे फिरवू लागल्या की जणू शिवणयंत्र चालवताहेत. वेग ताशी सात. मी त्यांच्या मागे. आठाच्या खाली मी कधी चालवलेलीच नव्हती, त्यामुळे मला तोल सांभाळता येईना. घाटात हळू चालवणं हे वेगळंच कसब आहे, आणि ते मला येत नाही हे मला तिथे समजलं. ताई एकदाही उतरल्या नाहीत. मी दोनदा उतरलो.

सिन्नरला नाष्टा. नवा रस्ता गावाला बाहेरून वळसा घालतो, पण गावात शिरायचं, कारण गोंदेश्वर चुकवू नये. सेऊणदेशाचे यादव देवगिरीला जाण्याआधी इथे होते. त्या काळातलं हे काळ्या दगडातलं पंचायतन आहे: मधे शंकर, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य. एवढ्या सकाळी आवारात आम्ही, एक झाडणारी बाई आणि पोपट. काकांनी बूट-मोजे काढले आणि जोत्याच्या गार दगडावर तळवे टेकवून बसून राहिले. मी त्यांचं पाहून तेच केलं. देवळाबद्दल वाचलेलं पुष्कळ होतं. तळव्याला लागलेला तो गारवा मात्र कोणी लिहिला नव्हता.

नाष्ट्याला बाकीच्यांनी पोहे घेतले. दोघा साडूंनी मिसळ घेतली, वर तर्री मागून घेतली, आणि कोणाच्या सासुरवाडीची मिसळ भारी यावर वाद घातला. (सासुरवाडी दोघांची एकच. वाद तरीही झाला.) पुढचे पन्नास किलोमीटर दोघेही आळीपाळीनं शेपटाशी येऊन छातीवर हात ठेवून चालवत होते. ज्यांना हा रस्ता करायचा असेल त्यांनी सकाळी पोहे, उपमा, केळी एवढ्यावर भागवावं. मिसळ परतल्यावर खा, ती नाशिकमधून कुठे जात नाही.

नांदूर शिंगोटे, निमोण, तळेगाव

सिन्नरपासून पुणे रस्त्यानं नांदूर शिंगोटे साधारण वीस किलोमीटर. वारा उजव्या खांद्यावर. गाव आलं तसं ताईंनी सांगितलं की 1857 मध्ये भागोजी नाईकांच्या भिल्लांची आणि इंग्रजांची चकमक इथेच झाली, त्यात पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. मी या गावावरून पुण्याला किती वेळा गेलो असेन, चहासुद्धा प्यायलोय. एवढं माहीत नव्हतं.

इथे हमरस्ता सोडून डावीकडे वळायचं. वळलो आणि आवाजच बंद झाला. गाड्यांचा नाही, कानातल्या वाऱ्याचा. वारा पाठीमागून आला की तो ऐकू येत नाही, फक्त सायकल आपोआप पळायला लागते. ताशी सत्तावीस, अठ्ठावीस, पॅडलवर पाय नुसते ठेवलेले. ताई हसत सुटल्या. आता नगर तीनला नक्की, मी मनात म्हटलं.

निमोणच्या पुढे ताईंचं मागचं चाक बसलं.

बाभळीचा काटा. पुढचे चौदा जण वाऱ्याबरोबर लांब गेलेले. मागे ताई, काका आणि शिट्टीवाला मी. ट्यूब काढली, नवी घातली, हवा भरली, आठ मिनिटांत काम. माझी मलाच शाबासकी. दोन किलोमीटरवर तेच चाक पुन्हा बसलं.

चूक माझी होती. काटा बाहेरून दिसला तेवढा मी उपटला, पण त्याचं टोक टायरमध्ये आतून तसंच राहिलेलं. टायर आतून बोटांनी चाचपायचं असतं, हळूहळू, पूर्ण वेढा. हे मीच दर रविवारी नव्या पोरांना सांगतो. या वेळी काकांनी चष्मा कपाळावर चढवून टायर मांडीवर घेतलं आणि तर्जनी आतून फिरवत नेली. एका जागी बोट थांबलं. तांदळाच्या कणीएवढं काळं टोक. ते त्यांनी नखांच्या चिमटीत धरून काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं, आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता हवा भरायची, तर माझ्या पंपाचं तोंड जाड व्हॉल्व्हला लागेना. पहिली बदललेली ट्यूब बारीक व्हॉल्व्हची होती, म्हणून पंप तसा फिरवून ठेवलेला. दुसरी ट्यूब जाड व्हॉल्व्हची. आतला रबर उलटा करून लावायचा असतो, आणि तो रबर उडून चाऱ्यात पडला. या रस्त्याला पंक्चरची दुकानं आहेत, पण बारीक व्हॉल्व्हचं तोंड त्यांच्याकडे नसतं. पितळेची छोटी टोपी मिळते, तीस-चाळीस रुपयांची, ती सीटखालच्या पिशवीत प्रत्येकानं ठेवावी. नेत्यानं ठेवलीये म्हणून आपण नाही ठेवली, असं करू नये.

चाऱ्यात गुडघ्यावर बसून रबर शोधत होतो तेव्हा वस्तीवरून एक बाबा कळशी घेऊन आले. धोतर, बंडी, डोक्याला टॉवेल.

"कुठून आल्या म्हनायच्या सायकली?"

"नाशिकहून, बाबा."

"आन् चालल्या कुठं?"

"पंढरपूरला. आज मुक्काम नगरला."

बाबांनी आमच्याकडे, मग सायकलींकडे पाहिलं. "निवृत्तीनाथांची दिंडी जाती आमच्या हिकडून. नगर गाठायला त्यांस्नी धा-बारा दिस लागत्यात. तुमी आजच जानार?" त्यांना ते कौतुकाचं वाटत नव्हतं, हे उघड होतं. मग म्हणाले, "मंग दर्सन कुनाचं घेनार वाटंनं?"

यावर तिघांकडेही उत्तर नव्हतं. आम्ही पाणी प्यायलो.

काकांनी विषय पाण्यावर नेला. हा सगळा पट्टा अवर्षणाचा. निळवंडे धरणाच्या कालव्याची वाट पाहण्यात इथल्या दोन पिढ्या गेल्या. बाबा म्हणाले, "ह्यो कालवा होनार म्हनून माझ्या लग्नात बोलत व्हते." काका म्हणाले, "मूळ मंजुरी 1970 ची." बाबा म्हणाले, "मंग लग्नाच्या आदीपासनं." 2023 च्या 31 मे ला डाव्या कालव्यात पहिल्यांदा चाचणीचं पाणी सोडलं, तेव्हा बाबा नातवाच्या मोटरसायकलवर बसून बघायला गेले होते. "पानी येताना आवाज करीत न्हवतं. म्या म्हनलं करल. पन गुपचूप आलं, कचरा फुडं ढकलीत." हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांनी पुढे सारल्यासारखं करून दाखवलं. काका नोकरीत असताना कालव्यांचे नकाशे काढत आले. त्यांनी ती खूण दोन-तीनदा हातानं करून बघितली.

रबर बाबांनाच सापडला. दीड तास गेला होता.

लोणीचा आमरस

तळेगाव दिघे ओलांडून लोणीच्या अलीकडे ताईंच्या मोठ्या नणंदेची वस्ती. जेवण तिथे. अण्णांनी निक्षून सांगितलं होतं, हलकं जेवायचं, भात-वरण, पाऊण तासात बाहेर. पण नणंदबाईंनी दोन पाट्या गावरान आंबे पिळून ठेवले होते. पुरणाच्या नव्हे, साध्याच पोळ्या, पण तव्यावरून थेट ताटात. सोबत कुरडया, कांदाभजी, कैरीचा ठेचा. "एवढ्या लांबून आलात आणि हलकं कसलं?" असं म्हणून त्या वाटी भरत होत्या, आणि वाटीवर हात धरला तर हातावर.

पुढचा गट बाराला पोचलेला. मी, काका, ताई एक वाजता. अडीचला चिंचेखाली सतरा जण आडवे होते, अण्णांसकट. भाचा तर तोंड उघडं टाकून.

काका जागे होते. त्यांनी मला लोणीच्या कारखान्याची धुराडी दाखवली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी इथे सहकारी साखर कारखाना उभा केला, 1950 च्या सुमारास पहिलं गाळप झालं. हाच देशातला सहकारातला पहिला म्हणून मानतात. "इथपर्यंत पाणी होतं म्हणून," काका म्हणाले, "आणि तिथपर्यंत नव्हतं," असं म्हणून त्यांनी आम्ही आलो त्या दिशेला मान वळवली. मधलं अंतर सायकलनं तास-दीड तासाचं.

सव्वातीनला निघालो. नगर अजून पासष्ट किलोमीटर होतं.

कोल्हार, राहुरी आणि जांभळं

कोल्हारला प्रवरेच्या पुलावर काका थांबले. मी आपणहून म्हटलं, "टोक्याला, प्रवरासंगम." काकांनी पाठीवर थाप मारली. नोकरी लागल्यासारखं वाटलं.

इथून मनमाड-नगर रस्ता. त्याबद्दल थोडक्यात: काम चालू आहे, संपलंय की थांबलंय हे बघून सांगता येत नव्हतं. कडेला खडी, मधे ट्रक. वारा आता उजव्या बाजूनं, आणि प्रत्येक ट्रक गेला की आधी ढकलायचा आणि मग ओढायचा. एकेकाच्या मागे, दोन सायकलींची जागा सोडून, हात दाखवून खड्डा सांगायचा, हे नियम पाळले. ज्यांना जमेल त्यांनी हा टप्पा दुपारी बाराच्या आत उरकावा. आम्हाला जमलं नाही, कारण आमरस.

खड्ड्यांत ताईंचा गडू उसळत होता. राहुरीच्या जवळ मला मागून दिसलं की त्यांच्या पिशवीखालून थेंब ओघळताहेत. पाण्याची बाटली असेल म्हणून मी बोललो नाही.

राहुरी सोडून मुळा नदी ओलांडली. ("नेवाशाजवळ प्रवरेला," मी म्हटलं. "आणि प्रवरा?" "टोक्याला." पास.) कृषी विद्यापीठाचा परिसर लागला. 1968 चं विद्यापीठ. रस्त्याला लागून किती वेळ त्याचीच झाडं चालतात. तिथे आभाळ एकदम काळं झालं आणि विजा कडाडायला लागल्या. दोन-तीन जण झाडाखाली शिरायला निघाले, मी शिट्टी मारून बाहेर काढलं. विजा असताना झाडापेक्षा भिजलेलं बरं. एसटीच्या थांब्याची शेड मिळाली, त्यात आम्ही नऊ जण, सायकली बाहेर.

शेडमध्ये आधीच एक आजी जांभळांची पाटी घेऊन बसलेल्या. पाऊस अर्धा तास. आजींनी पळसाच्या पानावर मूठभर जांभळं, वर मीठ, असे नऊ वाटे लावले. किती झाले विचारलं तर म्हणाल्या, "पाऊस थांबल्यावर बघू." काकांची जीभ जांभळी, ताईंची जांभळी, साडूंच्या जांभळ्या जिभा एकमेकांना वाकुल्या दाखवताहेत. पाऊस थांबला, आजींनी मोजून पैसे घेतले, एक रुपया कमी केला नाही.

दिवसभरात तहान भागत नव्हती ती इथे भागली. इलेक्ट्रॉल, लिंबू-मीठ-साखर सगळं घेतलं होतं, पण मीठ लावलेली जांभळं कुठल्याही यादीत नव्हती.

विळद घाट

घाटाच्या पायथ्याशी दिवे लावायची वेळ झाली. आणि पायथ्याशीच भाचा रस्त्याच्या कडेला पोटरी धरून बसलेला. सकाळी मोहदरीला दिसेनासा झालेला पोरगा आता माझ्या हद्दीत आला होता. पायात गोळा. पोटरी दगडासारखी घट्ट.

मी पाय सरळ करून पंजा मागे दाबला, पाच मिनिटांनी गोळा सुटला. पण चालवायला तो तयार नव्हता, आणि टेम्पोत बसायलाही. "मामा चिडवतील." मग आम्ही दोघं सायकली हातात धरून चढ चालू लागलो. ताई आणि काकाही उतरले. अंधारात ट्रकांच्या रांगेशेजारून चौघं चालत, समोर सीटखालचे दिवे लुकलुकताहेत.

माथ्याच्या जवळ काकांनी थांबवलं. "इथवर जो पाऊस पडतो तो गोदावरीला जातो. आपण सकाळपासून पाहिलेली सगळी पाणी. आता पलीकडे पडेल तो सीनेला. सीना भीमेला."

ताईंचा चेहरा उजळला. "म्हणजे विठोबाच्या पाण्यात आलो की आपण!"

"नाही," काका म्हणाले. "सीना भीमेला मिळते हत्तरसंग-कुडलला. पंढरपूरच्या बरंच खाली. नगरचा थेंब चंद्रभागेत जात नाही."

"काका," ताई म्हणाल्या, "चढ संपू द्या आधी."

भाचा खो खो हसला. त्याला दिवसभरात हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. उतारावर तो सायकलवर बसला.

सव्वाआठला नगर. (पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, तोंडातून नगरच निघतं.) मुक्कामाला मंगल कार्यालयाचा हॉल, गाद्या, दोन न्हाणीघरं आणि सतरा माणसं. रांगेत शेपूट कोण, हे सांगायला नको. पहिल्या दिवशी अंघोळ करताना जांघा कुठे कुठे सोलल्यात ते कळतं; खोबरेल तेल आदल्या पहाटेच लावायचं असतं, संध्याकाळी लावून फक्त ओरडता येतं.

जेवायला नगरची शिपी आमटी, बाजरीची भाकरी, कांदा. नाक वाहेपर्यंत तिखट. साडू म्हणाले सासुरवाडीची याहून तिखट असते. या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं.

जेवणानंतर ताईंनी पिशवी उघडली. पायमोजा ओला, मेण तडकलेलं, झाकण सैल. गडू अर्ध्याहून थोडा जास्त भरलेला. ताई काही बोलल्या नाहीत, पदरानं गडू पुसत बसल्या. राहुरीला थेंब दिसले तेव्हाच सांगितलं असतं, या विचारानं मला त्यांच्याकडे बघवेना.

काट्यानं गेलेली ट्यूब माझ्या खिशात होती. भाच्यानं ती मागून घेतली, कात्रीनं बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, झाकणाच्या कडेला सोल्यूशन लावलं, फुंकर मारून सुकवलं आणि एकावर एक पट्ट्या ओढून गुंडाळल्या. काकांनी गडू उलटा करून वर्तमानपत्रावर धरला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. कागद कोरडा राहिला.

"उद्या करमाळ्याच्या बाजूचा रस्ता," अण्णा गादीवरून म्हणाले, "चारला उठायचं. आणि शिट्टी इकडे दे." मी दिली. त्यांनी ती भाच्याच्या उशाशी टाकली. तो कधीच झोपला होता, हातावर सोल्यूशन वाळलेलं.